तंबूच्या उशाशी बंदूक?

पूर्वी आपल्या कोकणातल्या घरांतून माणसे जहाजावर जात, नंतर आखाती देशांत गेली, आणि आता पुढची पिढी अमेरिका-कॅनडातही पोचली आहे. शुक्रवारच्या फोनवर एकेकाळी पगार, हवापाणी आणि मुलांचा अभ्यास एवढेच विषय असत. हल्ली उन्हाळा जवळ आला की त्यात ‘कॅम्पिंग’ येते. तिकडे ती शौकिनांची चैन नाही. शाळांना सुट्टी लागली की साधी नोकरदार कुटुंबेही गाडीत तंबू, शिधा, शेगडी भरतात आणि डोंगर-जंगलात आठ-पंधरा दिवस काढतात. गाडीच्या टपावरच तंबू बांधून, पक्के रस्ते सोडून, आठवडेच्या आठवडे फिरणारेही पुष्कळ आहेत. या प्रकाराला ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात.

आमच्या थोरल्या आपाचा मुलगा टेक्सासमध्ये असतो. नोकरी बदलताना त्याला सहा आठवड्यांची मोकळीक मिळाली आणि त्याने बेत आखला. पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन गाडीने उत्तरेकडे निघायचे, यलोस्टोन आणि ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्याने पाहायची, कॅनडा ओलांडायचा आणि अलास्का गाठायचे. बरोबर त्याचा एक चुलतभाऊही येणार होता. बेत ऐकून ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, ‘बायकामुलांना घेऊन अस्वलांच्या मुलखात चाललास, तर पिस्तूल घेतल्याशिवाय जाऊ नकोस.’ टेक्सासमध्ये हा सल्ला अगदी साधा मानला जातो. तिथे २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेक माणसांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून हिंडता येते.

घरच्या ग्रुपवर विषय आला आणि दोन तट पडले. आपाचे म्हणणे, जंगलच ते, असू दे काहीतरी जवळ. दूल्हाभाईंचे म्हणणे, परक्या मुलखात पोलिसांची भानगड नको. सून फार बोलली नाही, तिने एवढेच विचारले, ‘ते तंबूत ठेवायचे कुठे?’ शेवटी नेहमीप्रमाणे ठरले की शाळेत शिकवणाऱ्यांनी वाचून काय ते सांगावे. वाचताना जे हाती आले ते इतरही घरांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

बंदूक आपल्याला अगदीच परकी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक अनेक घरांत असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा नेमही सगळ्यांना माहीत आहे. आणि रात्री शिकारीला गेलेल्या टोळीत सोबत्यालाच जनावर समजून बार झाल्याच्या बातम्याही कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. अंधारात झुडूप हलले की माणूस किती घाबरतो आणि किती चुकतो, हे समजायला अलास्काला जावे लागत नाही.

अस्वल आणि चाप

आधी अस्वलाचे पाहू, कारण भीतीची सुरुवात तिथून होते. ग्रिझली अस्वल अंगाने बोजड दिसते, पण ताशी ५५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावू शकते. दहा-पंधरा मीटरवरून ते अंगावर आले तर माणसाच्या हातात जेमतेम एक सेकंद असतो. तेवढ्यात पिस्तूल काढायचे, खटका सोडायचा, नेम धरायचा आणि उड्या मारत येणाऱ्या जनावराला थांबवणारी जागा गाठायची. सरावलेल्या माणसालाही हे कठीण. वर्षातून दोनदा मैदानावर जाऊन कागदाच्या निशाणावर गोळ्या झाडणाऱ्या संगणक अभियंत्याकडून ही अपेक्षा ठेवणे आम्हाला तरी धाडसाचे वाटते.

यावर अभ्यास झालेला आहे. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या नोंदी गोळा केल्या. १८८३ ते २००९ या काळातल्या, माणसांजवळ बंदूक असलेल्या २६९ घटना त्यांनी तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिस्तुलाने ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुकीने ७६ टक्के वेळा अस्वलाला रोखले गेले. आकडा वाईट नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी ती जवळ असून चालवली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कुणाला वेळच मिळाला नाही, कुणाची बंदूक अडकली, कुणाचा नेम चुकला.

त्याआधी, २००८ मध्ये, याच दोघांनी सहकाऱ्यांसह ‘बेअर स्प्रे’चा अभ्यास मांडला होता. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीच्या तिखट अर्काचा दाबाखाली भरलेला मोठा डबा. तो दाबला की सात-आठ मीटरपर्यंत लालसर ढग उठतो. १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटनांत, अस्वल अगदी जवळ आलेले असताना हा फवारा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसांना काही इजा झाली नाही, आणि तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वलाचे वागणे तिथेच थांबले. दोन्ही अभ्यास अगदी एका मापाचे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फवाऱ्याच्या नोंदींत नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही आहेत, तर बंदुकीच्या नोंदींत बिकट प्रसंग जास्त. तरीही कारण समजण्यासारखे आहे. फवाऱ्याला बारीक नेम लागत नाही. अस्वल आणि आपण यांच्यामध्ये ढग उभा राहिला की काम झाले. चुकून शेजाऱ्यावर गेला तर तो तासभर रडेल, खोकेल, पण जिवंत राहील.

या फवाऱ्याचेही नियम आहेत. तो पट्ट्याला किंवा छातीवर हाताशी हवा, पिशवीच्या तळाशी नको. वारा आपल्याकडे येत असेल तर जपून. आणि डास पळवण्याच्या औषधासारखा तो तंबूवर मारून ठेवायचा नसतो. वाळलेल्या तिखटाच्या वासाने अस्वले उलट जवळ येतात, असे आढळले आहे. विमानात तो हातातल्या किंवा तळातल्या सामानातही चालत नाही, पोचल्यावरच विकत घ्यावा लागतो.

पण फवाऱ्याच्याही आधी जे आहे तेच खरे संरक्षण, असे आमचे वाचून झालेले मत आहे, आणि ते स्वयंपाकघरातले आहे. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री ग्लेशियर उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींचा जीव घेतला. ही अस्वले माणसांच्या खरकट्याला चटावलेली होती. त्या काळी पर्यटकांना दिसावीत म्हणून अस्वलांना खरकटे खाऊ दिले जाई, आणि यलोस्टोनमध्ये तर त्याच्याही बऱ्याच आधी कचऱ्याच्या ढिगाशी जेवणारी अस्वले पाहायला बाकडी मांडलेली असत. त्या रात्रीनंतर उद्यानांनी धोरण बदलले. कचऱ्याचे ढीग बंद झाले, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आल्या, तंबूच्या जागी अन्न ठेवायला लोखंडी पेट्या आल्या. यलोस्टोन १८७२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हल्ली तिथे वर्षाला चाळीस लाखांहून अधिक माणसे येतात. एवढ्या वर्षांत उद्यानाच्या हद्दीत अस्वलाने मारलेल्या माणसांची उद्यानाने दिलेली संख्या आठ आहे. तिथल्या नद्या-तलावांत बुडालेले आणि उकळत्या झऱ्यांत भाजून मेलेले यांची संख्या त्याहून कितीतरी जास्त. जखमी करण्यात पहिला नंबर अस्वलाचा नाहीच, तो शांत दिसणाऱ्या गव्यासारख्या बायसनचा. लोक फोटोसाठी त्याच्या जवळ जातात.

म्हणून शिजवणे तंबूपासून दूर, शंभरेक पावलांवर. खाणे, भांडी, कचरा सगळे पेटीत. आपल्या घरांसाठी इथे एक खास सूचना. मसाला लावून आणलेले मटण, कबाब, शेगडीवरची चरबी यांचा वास तर पसरतोच, पण अत्तराची कुपी, केसांचे तेल, मुलांची टूथपेस्ट, साबण हेही अस्वलाच्या लेखी खाणेच आहे. जुम्याला अत्तर लावून तोच कुडता उशाला घेऊन तंबूत झोपायचे नाही. स्वयंपाकाचे कपडेही बाहेर.

कायद्याचा नकाशा

गाडी एकाच रस्त्याने जात असली तरी कायदा दर हद्दीला बदलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून बंदूक जवळ बाळगता येते, पण त्या राज्याच्या कायद्यानुसार. उद्यानातल्या माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतीत ती चालत नाही, आणि बहुतेक उद्यानांत ती झाडणे हाच गुन्हा आहे. टेक्सासमध्ये जे सहज चालते ते कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत तुरुंगात नेऊ शकते, कारण ही राज्ये दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत. वाटेत अशी राज्ये आली तर १९८६ च्या एका केंद्रीय कायद्याचा आधार आहे. निघण्याच्या आणि पोचण्याच्या ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी असेल आणि प्रवाशांच्या हाताला लागणार नाही अशी डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत असेल, तर मधून जाता येते. समोरचा कप्पा त्यासाठी चालत नाही. म्हणजे कायद्याने नेता येते ती बंदूक वाटेत उपयोगाची नसते.

आपल्या मुलांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याच्याजवळ ग्रीन कार्ड आहे त्याला तिथे बंदूक घेता येते. पण विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, काही ठराविक अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हाच केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा रीतसर परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे, आणि देशाबाहेर काढले जाण्याची भीती वेगळीच. आमच्या भाच्याचे ग्रीन कार्ड झाले होते. बरोबर येणारा चुलतभाऊ मात्र एच-वन-बी वर होता. एकाच गाडीत, एकाच तंबूत सहा आठवडे. ‘बंदूक माझी नाही, भावाची आहे’ हे त्याला परक्या पोलिसापुढे पटवून द्यावे लागले असते. आम्हाला विचाराल तर इथेच निम्मा निकाल लागला.

उरलेला निम्मा कॅनडाच्या सरहद्दीवर लागतो. कॅनडात पिस्तूल ‘निर्बंधित’ शस्त्रांत मोडते, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून तर सामान्य माणसांमधली त्याची खरेदी-विक्री आणि हस्तांतर गोठवलेले आहे. सहलीला आलेल्या परदेशी माणसाने पिस्तूल बरोबर आणण्याचा विचारच सोडावा. साधी शिकारीची लांब बंदूक चालते, पण सरहद्दीवर लेखी जाहीर करावी लागते, २५ कॅनेडियन डॉलर भरावे लागतात, आणि ती परवानगी ६० दिवसांची असते. न सांगता नेलेली बंदूक जप्त होते आणि खटला होतो. त्यातही कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ती वापरासाठी बाळगता येत नाही, रिकामी आणि बंद करून गाडीत ठेवावी लागते. बेअर स्प्रे मात्र, डब्यावर तो जनावरांसाठी असल्याचे छापलेले असेल तर, बिनतक्रार नेता येतो. तोच तिखटाचा फवारा ‘माणसांपासून संरक्षण’ म्हणून विकलेला असेल तर कॅनडात तो मनाई असलेले शस्त्र ठरतो. डबा घेताना लेबल वाचावे.

टेक्सासहून दक्षिणेला, मेक्सिकोकडे फिरायला जाणाऱ्यांसाठी तर हे आणखी कडक आहे. २०१४ मध्ये अमेरिकी मरीन दलातला एक माजी जवान तीन बंदुका गाडीत असताना सरहद्द ओलांडून तिहुआनात शिरला. वळण चुकले, असे त्याचे म्हणणे होते. त्याला सात महिने तुरुंगात काढावे लागले. त्याच्यासाठी निदान त्याचे सरकार बोलत होते.

अलास्कात पोचल्यावर बंधने सैल होतात. तिथे जीव वाचवण्यासाठी अस्वल मारता येते. पण आपणच खाणे उघडे टाकून त्याला बोलावलेले नसावे, अशी अट आहे. मारल्यावर नखांसकट कातडे आणि कवटी काढून राज्याच्या वन्यजीव खात्याला द्यावी लागते, आणि १५ दिवसांत लेखी अहवाल. चार वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून रस्त्याकडेला तीन-चारशे किलोच्या अस्वलाचे कातडे काढत बसलेला आमचा भाचा डोळ्यांपुढे आणून घरात बरेच हसे झाले.

माणसांची भीती

खरे बोलायचे तर पिस्तूल जवळ ठेवणारे पुष्कळसे लोक अस्वलाला नाही, माणसाला भितात. रात्री अकराला निर्जन जागी एखादी गाडी येऊन दिवे न विझवता थांबली, तर कोणाच्याही छातीत धडधडेल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावणे बरे नाही. बाईमाणूस आणि मुले बरोबर असताना तर नाहीच.

पण आपले नाव, आपला चेहरा आणि आपल्या कमरेचे पिस्तूल हे एकत्र पोलिसाला दिसले तर काय होईल, हाही विचार करायला हवा. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. तो एका शाळेच्या जेवणघरात काम करी, मुलांना तो आवडे. त्याच्याजवळ पिस्तुलाचा परवाना होता, आणि आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने आपणहून सांगितले. काही सेकंदांत अधिकाऱ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो अधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटला. ही बातमी सुनेने आम्हाला पाठवली होती, वर काही न लिहिता.

माणसांच्या भीतीवर अनुभवी प्रवासी जे करतात ते साधे आहे. मुक्काम रखवालदार असलेल्या, नोंदणीच्या जागी करायचा. गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या वाटेकडे ठेवायचे आणि किल्ली ठरलेल्या जागी. टपावरच्या तंबूची शिडी लावलेली असताना गाडी हलवता येत नाही, म्हणून संशय आला तर तंबू तसाच सोडून गाडीत बसण्याची मुलांना सवय करून ठेवायची. मोबाईलला रेंज नसते तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र घ्यायचे आणि रोज मगरिबनंतर घरी एक ओळ पाठवायची. जागा पटली नाही तर लाज न धरता निघायचे.

जिथे बंदूक लागतेच

बंदूक कुठेच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या ताब्यातला स्वालबार नावाचा द्वीपसमूह आहे. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकणाऱ्याने ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन बरोबर घेणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि बंदूकही न्यावी असे तिथले प्रशासन सांगते. ध्रुवीय अस्वल माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहू शकते. २०२० च्या ऑगस्टमध्ये लाँगयरबीन या मुख्य गावाजवळ, विमानतळाशेजारच्या कॅम्पिंगच्या मैदानावर तंबूत झोपलेल्या माणसाला अस्वलाने मारले. या गावात दुकानाच्या दारावर ‘आत बंदूक आणू नये’ अशी पाटी असते. वस्तीत भरलेली बंदूक चालत नाही, वस्तीबाहेर रिकामे जाणे शहाणपणाचे नाही.

इथल्याच २०११ च्या घटनेने आम्हाला शिक्षक म्हणून रात्रभर जागे ठेवले. ब्रिटनमधून शाळकरी मुलांची एक मोहीम तिथे गेली होती. ५ ऑगस्टच्या सकाळी अस्वल त्यांच्या तळावर शिरले. तळाभोवती तार लावली होती, तिला अस्वलाचा पाय लागला की बार उडून सगळे जागे व्हावेत अशी योजना होती. बार उडालाच नाही. रात्री पहारा ठेवलेला नव्हता. मोहिमेच्या प्रमुखांपैकी एकाने बंदूक उचलून चाप ओढला, एकदा नाही, चार वेळा. गोळी सुटली नाही. जुन्या बनावटीच्या त्या रायफलचा सुरक्षा खटका मधल्या खाचेत गेला होता, त्यामुळे दट्ट्या ओढला की न उडालेली काडतुसेच बाहेर पडत होती. अस्वलाने त्यालाही जखमी केले. अखेर जमिनीवर पडलेले काडतूस पुन्हा भरून त्याने अस्वल मारले. तोवर १७ वर्षांचा एक विद्यार्थी गेला होता आणि चार जण जखमी झाले होते.

आपल्याकडे शाळेची सहल काढताना पालकांचे संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, मुलींबरोबर शिक्षिका एवढे पाहिले की आपण निश्चिंत होतो. त्या मोहिमेकडे तार होती, बंदूक होती, शिकलेली माणसे होती. यांतली एकेक गोष्ट निघण्यापूर्वी पुन्हापुन्हा चालवून पाहिलेली असणे, हे वेगळे काम आहे, आणि त्या सकाळी ते काम कमी पडले. जिथे बंदुकीशिवाय भागत नाही तिथली ही कथा. आपला भाचा जात होता ती जागा तशी नव्हती.

कुलूप उघडायला किती वेळ?

आता सुनेच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तंबूत ते ठेवायचे कुठे? अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे. अपघातालाही तिने मागे टाकले. यात खून आणि आत्महत्या सर्वात जास्त असल्या, तरी उशीखाली सापडलेले भरलेले पिस्तूल हाताळणारी लहान मुलेही आहेत. तंबू म्हणजे आठ फुटांची एकच खोली. त्यात खण नाही, माळा नाही, वर खुंटी नाही. जे बापाच्या हाताशी ते पोराच्याही हाताशी.

कुलूपबंद पेटी घ्यावी, असे सहकाऱ्याने सुचवले आणि स्वतःची रिकामी पेटी पाहायला दिली. सुनेने काय केले, रात्री दिवे घालवले, नवऱ्याला झोपेच्या पिशवीत झोपवले आणि मुलीच्या हाती घड्याळ दिले. ‘अस्वल’ म्हटले की उठायचे, पेटी शोधायची, आकड्यांचे कुलूप उघडायचे. पहिल्यांदा ५२ सेकंद लागले. सरावाने ३० वर आले, तेही दिवाणखान्यात, पायाशी मूल रडत नसताना. पट्ट्याला अडकवलेला सरावाचा रिकामा फवारा मात्र तीन सेकंदांत हातात आला, आणि तो नऊ वर्षांच्या मुलीनेही दाबून दाखवला. मुलापासून सुरक्षित राहील इतकी बंद केलेली बंदूक वेळेला हाती येत नाही, आणि वेळेला हाती येईल इतकी उघडी बंदूक मुलापासून सुरक्षित राहत नाही. एकटा शिकारी किंवा वनरक्षक यांचे गणित निराळे असेल, मुले असलेल्या तंबूत आम्हाला तरी याला उत्तर सापडले नाही.

पिस्तुलाचा बेत रद्द झाला. आपाला ते आवडले नाही. तिने सहा आठवडे रोज दुआ केली आणि रोज रागावली. गाडीत मोठ्यांपैकी प्रत्येकी एक फवारा, उपग्रह यंत्र, भडक दिवा, भोंगा आणि अन्नाची बंद पेटी एवढे गेले. वाटेत सात अस्वले दिसली, सगळी गाडीच्या काचेतून. फवारा एकदाही उडवावा लागला नाही.

आपल्या रानात

महाराष्ट्रातही आता भंडारदरा, पवना, ताडोबाच्या आसपास तंबूत राहायला कुटुंबे जातात, काही जण गाडीने लडाखपर्यंत पोचतात. ‘आमच्याकडे परवान्याची आहे, घेऊन जाऊ’ असे कुणी म्हणत असेल तर इथला कायदा सरळ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वरिष्ठ वन्यजीव अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, परवाना असला तरी. शेतीसंरक्षणाचा परवाना सहलीसाठी नसतो. आणि परवान्यावर संपूर्ण भारतासाठी वैध असा शेरा नसेल तर राज्याची हद्द ओलांडली की तो चालत नाही.

बिबट्याच्या भागात जी काळजी घ्यायची ती वाकण्या-बसण्याची आहे. उभा माणूस बिबट्याला मोठा दिसतो, उकिडवा बसलेला लहान. चंद्रपूरकडे मोहफुले किंवा तेंदूपाने वेचायला वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात तेही असेच. आता आपल्या लोकांचे पाहा. फजरच्या अंधारात उठून, ओढ्याच्या काठी एकट्याने उकिडवे बसून वुजू करायचा. पाण्याच्या आवाजात पाऊल ऐकू येत नाही, आणि जनावरांची पाण्यावर येण्याची वेळही तीच. तेव्हा वुजूचे पाणी रात्रीच कॅनमध्ये भरून तंबूशी ठेवावे, दिवा लावून, दोघांनी मिळून, बोलत-खाकरत उठावे. नमाज गाड्यांच्या आडोशाला, मुले मधल्या रांगेत. अलास्कात भाच्याने हेच केले, तिथेही ओढ्याकाठी अस्वलाला दचकवणे धोक्याचेच.

एक शेवटची गोष्ट परतणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या मोकळ्या सरकारी जमिनींवर लोक नेमबाजी करतात आणि पुंगळ्या तिथेच टाकून जातात. पितळेची चकचकीत पुंगळी मुलांना फार आवडते, कधी त्यांत न उडालेले काडतूसही असते. ते दप्तराच्या कप्प्यात जाते, आणि ईदला घरी येताना तेच दप्तर विमानतळावरच्या यंत्रात. एक जिवंत काडतूस सापडले तरी आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. ते सामानात आहे हे माणसाला ठाऊकच नव्हते, असे दिसल्यावर न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर विमान चुकते, पासपोर्टची आणि वकिलांची धावपळ होते, सुट्टीचे दिवस ठाण्याच्या बाकावर जातात. आपा या वेळी त्यांना निघण्यापूर्वीच सांगणार आहे. बॅगा भरण्याआधी दप्तरे, जॅकेटचे खिसे आणि झोपेच्या पिशव्या अंगणात उलट्या करून झटकायच्या, आणि हे काम मुलांवर सोडायचे नाही.